23 टक्क्यांवर फट्कन बंद पडणारा लॅपटॉप: तीन वर्षांच्या वापरानंतरचा रिव्ह्यू

हा लॅपटॉप मी तीन वर्षं रोज वापरतेय. कीबोर्ड मस्त, स्क्रीन डोळ्यांना त्रास देत नाही, फॅनचा आवाज कमी, त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते बॅटरी संपताना हा काय करतो त्याबद्दल, कारण दुसरं वर्ष संपल्यापासून त्याचा काही नेमच उरला नव्हता.

म्हणजे बघा, व्हिडिओ कॉल चालू, कोपऱ्यात 23 टक्के दिसतायत आणि फट्कन स्क्रीन काळी, वॉर्निंग नाही काही नाही, फॅनसुद्धा त्याच क्षणी गप्प. बटण दाबलं तर केशरी दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि विझला. चार्जर लावून चालू केला तर आकडा 4 टक्के. पण त्याच आठवड्यात 6 टक्क्यांवर पीडीएफ वाचत बसले होते तर वीस मिनिटं आरामात चालला. आणि तिसरा प्रकार म्हणजे रात्री 30 टक्क्यांवर झाकण लावून ठेवला, सकाळी पूर्ण मेलेला, उघड्या फाइल्स गेल्या. अर्ध्या दिवसाचं भाषांतर गेलं त्यात, अजून वाईट वाटतं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हातात घेतल्या घेतल्या मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय म्हणून सांगितलं. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी हेल्थ 'गुड'. मला दोन्ही पटेना म्हणून स्वतःच शोधायला बसले.

आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्युअर उघडला, म्हणजे मशीनमध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी दिसतात ते. कर्नल-पॉवर 41 ही नोंद सापडली, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं, कशामुळे ते ती सांगत नाही. खरी गोष्ट तिच्या आधी होती, म्हणजे नव्हतीच! विंडोज स्वतःहून शट डाउन व्हायला किंवा हायबरनेटमध्ये जायला (उघडं काम डिस्कवर सेव्ह करून पूर्ण बंद व्हायला) निघालं की तशी नोंद करतं, ती कुठेच नाही. म्हणजे विंडोजला काही करायची संधीच मिळाली नाही, वीज खालूनच तुटली. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, चालू करून मोठा व्हिडिओ लावला, तिथेही साधारण 20 टक्क्यांवर तेच. विंडोजचा दोष नाही हे तिथेच कळलं.

मग बॅटरी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून स्पेस देऊन स्लॅश बॅटरीरिपोर्ट टाइप केलं की एक फाइल बनते, ती ब्राउझरमध्ये उघडते. डिझाइन कॅपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) 50 वॅट-अवर, फुल चार्ज कॅपॅसिटी (आता फुल चार्ज केल्यावर मावते ती) 29. म्हणजे 58 टक्के उरलीय आणि ॲप म्हणतंय 'गुड'. कंपनीवर माझा सगळ्यात जास्त राग ह्याचाच आहे.

आता दर वेळी वेगळं का वागायचा ते सांगते. लिथियम-आयन सेल फुल असताना 4.2 व्होल्टला असतो, 3 च्या आसपास आला की संपला. मधे बराच वेळ व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. सेल जुना झाला की आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, मग व्हिडिओ कॉलसारखा लोड आला की व्होल्टेज खाली बसतं आणि बॅटरीतलं सर्किट सेल वाचवायला वीज तोडतं, टक्के कितीही दिसोत. टाकीत पाणी आहे पण पाइपात गाळ साचलाय तसं. पीडीएफ वाचताना धार बारीक लागते म्हणून 6 टक्क्यांवरही चालतो.

रात्रीचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. ह्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची स्लीप नाहीच, मॉडर्न स्टँडबाय आहे, झाकण लावलं तरी आत थोडं काम चालू राहतं. हायबरनेट मी पूर्वी डिस्कवर जागा करायला बंद केलेलं (ती फाइल रॅमच्या 40 टक्क्यांपर्यंत जागा खाते), त्यामुळे बॅटरी संपताना काम सेव्ह करायला कोणी उरलंच नव्हतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून हायबरनेट परत चालू केलं, पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रिटिकल ॲक्शन (बॅटरी संपत आली की काय करायचं ते) हायबरनेट ठेवली आणि नवीन बॅटरी येईपर्यंत क्रिटिकल लेव्हल (ते किती टक्क्यांवर करायचं) थेट 25 वर नेली. तेवढ्याने महिनाभर एकही फाइल गेली नाही.

बॅटरी मिळवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. बदलणं तसं सोपं, खालचे स्क्रू काढले की समोरच दिसते, आधी तिचा कनेक्टर काढायचा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर मात्र बॅटरी फुगलीय, तो लॅपटॉप वापरू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, लगेच जाणकाराकडे द्या.

लॅपटॉपला पाचपैकी साडेतीन स्टार, दीड स्टार त्या 'गुड'साठी कापलेत. मदरबोर्ड जुनाच आहे, त्याला काहीही झालेलं नाही. नवीन बॅटरीवर एकदा फुल चार्ज करून पार उतरवली, तेव्हा आकडे जाग्यावर आले. मग क्रिटिकल लेव्हल 8 वर आणून तीनदा मुद्दाम व्हिडिओ लावून संपवून बघितला. तिन्ही वेळा 8 टक्क्यांवर हायबरनेट, आणि चार्जर लावल्यावर सगळ्या विंडो जशाच्या तशा, भाषांतराचा कर्सर अर्ध्या वाक्यात होता तिथेच.