१५ मे की २६ फेब्रुवारी?

भाचीला जपानी लष्करशाहीवर प्रकल्प करायचाय. १५ मे १९३२चं बंड घ्यावं की २६ फेब्रुवारी १९३६चं, इथे ती अडलीये.

व्याप्ती: १९३२ला मूठभर तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाईंच्या निवासस्थानी घुसले. बसून बोलू, असं म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाला त्यांनी गोळ्या घातल्या. १९३६ला भर बर्फात सुमारे १,४०० सैनिक तोक्योत उतरले. पंतप्रधान ओकादा वाचले, कारण त्यांच्या मेव्हण्यांनाच ओकादा समजून मारलं.

शिक्षा: खरा फरक इथे आहे. १९३२च्या मारेकऱ्यांसाठी दयेच्या अर्जांचा पाऊस पडला, फाशी एकालाही नाही. १९३६ला सम्राट हिरोहितोच संतापले. म्होरक्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरी सत्तेवरची लष्कराची पकड घट्टच झाली.

सैन्यातली गटबाजी उलगडायची तर १९३६ घे. पक्षांचं सरकार कसं संपलं हे दाखवायचं तर १९३२. मला तेच जास्त हादरवतं, कारण तिथे लोकांची माया मारेकऱ्यांवर होती.