१९९२ची मियाटा, होंडाचं २.४ इंजिन आणि थरथरणारा आरसा : एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

गाडीचं मागचं डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा) निकामी झालं, म्हणून हे लिहायला घेतलं. गाडी नीट चालत होती तोवर लिहायला वेळ कुणाला होता? आमच्या मिशिगनमध्ये अशी गाडी फार तर एप्रिलअखेर ते ऑक्टोबर बाहेर निघते. पुढे रस्त्यावर मीठ पडतं आणि मिठात तीस वर्षं जुना पत्रा काढायची माझी तयारी नाही.

गाडी म्हणजे माझदाची दोन सीटची, उघड्या छताची मियाटा, मूळ १.६ लिटर इंजिनाची, आणि तिच्यात ॲक्युरा टीएसएक्स या होंडाच्याच गाडीतलं के२४ए२ इंजिन बसवलंय. गिअरबॉक्स माझदाचाच, पाच गिअरचा, मधे ॲडॉप्टर प्लेट. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, होंडाटा कंपनीचा के-प्रो. ब्रेक नंतरच्या १.८ लिटरच्या मियाटाचे, म्हणजे पुढची डिस्क २३५ऐवजी २५५ मिलिमीटर. बाकीचे आकडे ज्यांना अशा कामात रस आहे त्यांना पाठ असतात. काम एका गॅरेजकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अजून त्यांच्याकडून एक पावती यायची आहे.

तर डिफरन्शियल. १.६च्या गाडीला सहा इंची क्राउन व्हील (डिफरन्शियलमधलं मोठं गिअरचाक) असतं. १९९४ला १.८ इंजिन आलं तेव्हा माझदाने ते सात इंची केलं. टॉर्क १३६ न्यूटन-मीटरवरून २२५वर नेला तर छोटं टिकत नाही, हे या गाड्यांत हात घालणारा प्रत्येकजण सांगतो. मीही गॅरेजवाल्याला तेच विचारलं होतं. उत्तर आलं, "साधे टायर आहेत, चाक आधी फिरेल, डिफरन्शियलला काही होत नाही. आताच कशाला खर्च?" खर्च वाचतो म्हटल्यावर मला तो माणूस फार समंजस वाटला. जुलैत एम-१४ हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्यातून तिसरा टाकला, मागून खडखडाट झाला आणि पुढे कितीही रेस दिली तरी इंजिन नुसतं ओरडत राहिलं. गाडी फ्लॅटबेडवरून गॅरेजला गेली.

मग वाद. कामाच्या कागदावर सहा महिन्यांची हमी लिहिलेली, पण ती म्हणे "बसवलेल्या पार्टवर" आणि डिफरन्शियल आम्ही कुठे बसवलं? कागद तेव्हा त्यांच्या बाजूने बोलला, हे कबूल. पण टिकेल असं तोंडाने कुणी सांगितलं होतं? दोन आठवडे ई-मेल चालले. शेवटी मी भंगारातून १९९५च्या गाडीचं सात इंची डिफरन्शियल, दोन्ही ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट मिळून साडेतीनशे डॉलरला उचललं. हे सगळं एकत्रच घ्यावं लागतं, नुसता गोळा आणून भागत नाही. लेबर त्यांनी निम्मं लावलं. आता ४.१० गुणोत्तराचं, टॉर्सन प्रकारचं (पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारं) डिफरन्शियल आहे आणि त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही.

माझी खरी तक्रार आरशाबद्दल आहे.

मधला आरसा. गाडी सिग्नलला उभी राहिली, इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर (आरपीएम) आयडलिंगला आलं की मागची गाडी दिसायची बंद होते. दिवे दिसतात, पण एकाचे चार. मागे ट्रक आहे की पोलीस, कळत नाही. बारा हजार डॉलर घातले (गाडी साडेपाच हजारांची, लक्षात घ्या) आणि कारखान्यातून निघताना जो आरसा स्वच्छ दिसत होता तो आता दिसत नाही. बायको शेजारी बसून लिपस्टिक लावायला गेली आणि तिने मला ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. या कामात गाडीचा एसी काढला त्यावर ती इतकी बोलली नव्हती. मी पिकअपचं कौतुक करत असलो की ती फक्त आरशाकडे बोट दाखवते.

गॅरेजचं म्हणणं एकच: "सगळ्या के-स्वॅपना असंच होतं. बॅलन्स शाफ्ट काढलेत ना!" के-स्वॅप म्हणजे होंडाचं के-सिरीज इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं, आणि अर्धं खरंही आहे. होंडाचा हा २.४ लिटरचा ब्लॉक लांब स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या लांब धावेचा आहे, ९९ मिलिमीटर. माझदाच्या १.६चा ८३.६. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांचं पहिल्या क्रमाचं असंतुलन एकमेकांत मिटतं, पण दुसऱ्या क्रमाचं, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारं, मिटत नाही आणि स्ट्रोक वाढला की ते वाढतं. म्हणून होंडाने सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ऑइल पंपासोबत दोन बॅलन्स शाफ्ट दिले, उलट दिशांना फिरणारे, क्रँकच्या दुप्पट वेगाने. स्वॅप करणारे बरेच जण ते काढून होंडाच्याच के२० टाइप-एस इंजिनाचा साधा पंप टाकतात. तो जास्त रेव्ह सोसतो. माझ्याही इंजिनात तेच केलंय. मी ७,२००च्या वर कधी जात नाही ही गोष्ट वेगळी.

पण मला एक गोष्ट पटत नव्हती. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मग आठशेला आरसा नाचतो आणि अडीच हजारला स्थिर कसा? फोनवरचं कंपन मोजायचं ॲप डॅशबोर्डवर ठेवलं. आयडलिंगला सरळ २७ हर्ट्झचा सुळका. चार सिलिंडर म्हणजे क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट; आठशेला मिनिटाला सोळाशे, सेकंदाला सत्तावीसच्या जवळ. असंतुलनाची वारंवारताही तीच, पण आठशेला त्याचा जोर फार कमी; म्हणजे हे शाफ्टचं काम नव्हे, प्रत्येक स्फोटाचा धक्का माउंटिंगमधून (इंजिन ज्यांवर टेकतं त्या ठोकळ्यांतून) बॉडीत जातोय. आणि छत नसलेल्या गाडीची काचेची चौकट ही दोन पायांवर उभी असते, ती डोलणारच. गॅरेजला हे लिहून पाठवलं. उत्तर : "गाडी स्पोर्ट्स आहे, कॅमरी नाही."

वरचं ऑगस्टच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. इथून पुढचं सप्टेंबरअखेरचं आहे, आणि सूर थोडा बदललाय.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५पासून चालू आहे. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. तिथे एक लाल मियाटा उभी दिसली, तिच्यातही के२४. मालकाची परवानगी काढून आत बसलो, इंजिन चालूच होतं. आरसा स्थिर. बोट लावून पाहिला, हलकी थरथर, बस. बॅलन्स शाफ्ट? काढलेले. मग? माउंटिंग मऊ. या इंजिनबदलाचं किट विकणारे दोन प्रकार देतात, रस्त्याच्या गाडीला मऊ पॉलियुरेथेन आणि ट्रॅकच्या गाडीला कडक. माझ्या गॅरेजने मला न विचारता कडक मागवले होते. दोन्हींची किंमत सारखी! म्हणजे माझा एक पैसाही वाचला नव्हता आणि उन्हाळाभर बायकोची बोलणी मात्र खाल्ली.

मऊ माउंटिंगचा जोड मागवला, सव्वाशे डॉलर. गॅरेजने लेबर सांगितलं त्यात दुसरा जोड आला असता. म्हणून शनिवारी शेजारच्या कुलकर्ण्यांना बोलावलं. सम्पखाली लाकडाची फळी धरून जॅक लावला, एकेक बाजू सोडली, दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. के-प्रोमधून आयडलिंग ८००वरून ९५० केलं. त्याने धक्क्याची वारंवारता ३२ हर्ट्झजवळ गेली आणि चौकटीच्या नाचायच्या जागेपासून दूर सरकली. आरशात आता मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते, उलटी. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "मग एसी कधी?"

आता इंजिनाबद्दल, कारण आरशाच्या रागात ते राहूनच गेलं.

सुरेख आहे. ११६ हॉर्सपॉवरची गाडी २०० झाली म्हणून नव्हे. मूळचं १.६ गोड होतं, पण साडेपाच हजारांशिवाय त्यात जीव नसायचा. फ्रीवेवर ट्रक ओलांडायचा तर आधी दोन गिअर खाली या, मग विचार करा. हे अडीच हजारांपासून ओढतं. तिसऱ्यात पंचवीस मैलांपासून नव्वदच्या जवळपर्यंत गिअर बदलायची गरज नाही. आणि वजन? माझदाचा ब्लॉक बिडाचा, होंडाचा ॲल्युमिनियमचा. इंजिन सुमारे साडेसातशे सीसीने मोठं झालं, तरी नाकावर भार वाढला नाही. वळणात स्टिअरिंग पूर्वीसारखंच हलकं, बोलकं. मला याचीच सगळ्यात भीती होती. या गाडीत फोर्डचं ३०२ किंवा जीएमचं एलएस, म्हणजे मोठं व्ही-८, बसवणारेही आहेत आणि त्यांच्या गाड्या सरळ रस्त्यावर विलक्षण पळतात. पण माझ्या मते ते नाकापेक्षा मोती जड. तो शौक जुना आहे म्हणा. १९६२ला अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या 'एस' (Ace) गाडीत फोर्डचा व्ही-८ बसवून कोब्रा केली, १९६४ला सनबीम अल्पाइनची टायगर झाली. टायगरमध्ये जागा इतकी कमी की एक स्पार्क प्लग बदलायला गाडीच्या आतून, फायरवॉलमधल्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीतल्या) भोकातून हात घालावा लागायचा. माझे चारही प्लग वरून निघतात.

होंडाचंच का, हे विचारतात. होंडाच्या जुन्या बी आणि डी सिरीजची इंजिनं उलटी फिरत, म्हणजे मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सला जोडली तर गाडी मागे पळेल. के-सिरीज इतरांसारखी घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून हे किट शक्य झालं. टायमिंग बेल्टऐवजी चेन, तो खर्चही गेला. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधूनच येते, ती तशीच चालते. के-प्रोमधून टॅकोमीटरला सिग्नल जातो. ऑइल प्रेशरचा काटाही जिवंत आहे. १९९५पासून माझदाने तिथे नुसता दिखाऊ काटा दिला, तेव्हा गाडी शोधत असाल तर त्याआधीची बघा. आणि मीच आता शोधत असतो तर १९९४ची घेतली असती : सात इंची डिफरन्शियल, मोठे ब्रेक आणि खरा काटा, तिन्ही एकाच वर्षात.

ॲव्हरेज? गॅलनला पंचवीस-सव्वीस मैल, जुन्यापेक्षा एखाद मैल कमी. चालेल. खुपतं ते पेट्रोल. कॉम्प्रेशन १०.५ असल्याने प्रीमियमच लागतं. माझदा बिचारी ८७ ऑक्टेनवर आनंदात होती. पंपावर तिसरं बटण दाबताना दर वेळी हात जड होतो.

कायद्याचं म्हणाल तर मिशिगनमध्ये धुराची तपासणीच नाही, म्हणून हे सोपं गेलं. कॅलिफोर्नियातल्या मित्रांनी आधी रेफरीकडची (इंजिन बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडची) प्रक्रिया समजून घ्यावी. तिथे इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी साधनं जागेवर हवीत. पुण्याहून मावसभावाचा फोन होता. त्याला कुठे तरी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म मिळतेय, तिच्यात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठ हॉर्सपॉवर. "दादा, यात मोठं इंजिन टाकू का?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच म्हटलं. सीएनजीवर न्यायची सोय त्यात आहे, पण नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलंय. मिळाली तर मूळ इंजिनासकट जप. तशी गाडी पुन्हा बनणार नाही.

एक बाब उरली आहे. सत्तर मैलांवर, पाचव्यात, इंजिन साडेतीन हजारांच्या जवळ फिरतं आणि नेमकं तिथेच स्टिअरिंगमध्ये बारीक झिणझिण येते. ही मात्र काढलेल्या बॅलन्स शाफ्टचीच. इथे गॅरेजवाला बरोबर होता. ३,३००ला ती जवळपास नसते. नंतरच्या सहा गिअरच्या मियाटाचं डिफरन्शियल ३.९०९चं आणि सात इंचीच असतं, ते बसवलं तर त्याच वेगाला दीडशे आरपीएम कमी होतात. टोलीडोजवळ एकाकडे आहे. तो साडेचारशे म्हणतो, मी तीनशे म्हटलंय. बायकोचं मत, दीडशे आरपीएमसाठी तीनशे डॉलर म्हणजे आरपीएमला दोन डॉलर, त्यात एसीचा कॉम्प्रेसर येईल. त्या माणसाचं उत्तर अजून नाही. डिसेंबरात त्याच्या अंगणात बर्फ साचलं की तो खाली येईल असा माझा अंदाज आहे.