तानसेन की किजाबे? मुलाबाळांसह सेवेला निघालेल्यांसाठी

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक जोडपं घरी आलं. तो फिजिओथेरपिस्ट, ती गणिताची शिक्षिका, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. दोन मिशन हॉस्पिटलांकडून विचारणा झालीय, एक नेपाळच्या डोंगरातलं, तानसेनचं, दुसरं केनियातलं, किजाबेचं. "वहिनी, तुम्ही दोन्हीकडे राहिलात, तुम्हीच सांगा." वहीत रकाने आधीच पाडून आणले होते: मानधन, घर, हवामान, धोका. मी वही वाचली आणि विचारलं, "सकाळी दहा वाजता ही काय करणार?" ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आम्ही तानसेनला साडेतीन वर्षं काढली, किजाबेला दोन. नवरा भूलतज्ज्ञ. त्याचा दिवस दोन्हीकडे जवळपास सारखाच गेला, कारण ऑपरेशन थिएटरच्या आत देश फारसा कळत नाही. दिवस बदलतो तो बाकीच्या तिघांचा. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, एकाला होतं आणि सामान चौघांचं बांधलं जातं. म्हणून मी जे सांगतेय ते त्या तिघांच्या बाजूनं.

जाणं-येणं

नकाशात नेपाळ शेजारी दिसतो आणि केनिया समुद्रापलीकडे. या चित्रावर विसंबू नका. तानसेन म्हणजे पाल्पा जिल्ह्याचं ठिकाण, डोंगराच्या धारेवर वसलेलं गाव. नगरहून निघायचं तर मनमाडला गाडी पकडून गोरखपूर, तिथून बस किंवा जीपनं सोनौलीची सीमा, मग भैरहवा, बुटवल आणि पुढे घाट. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा फोन आल्यापासून तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या खाटेपाशी पोचलो. किजाबेला असताना वडील गेले, तर दुसऱ्या रात्री मी नगरला होते: नैरोबी ते मुंबई विमान सहाएक तासांचं, पुढे गाडी. फरक तिकिटाचा. नेपाळहून चौघं येऊन जाऊन जो खर्च होई, त्यात केनियाहून एकाचं तिकीट निघालं तरी नशीब.

कागदांत मात्र नेपाळला तोड नाही. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीयाला व्हिसा लागत नाही. विमानानं गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मोठ्यांचं आधार चालत नाही, हे आपल्याकडे निम्म्या लोकांना विमानतळावर कळतं. केनियाला परवाना काढावा लागतो आणि त्याआधी पीतज्वराची (यलो फीवरची) लस, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड जाताना कुणी पाहीलच असं नाही, पण परत येताना भारतात मागतातच. नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. धाकटीचं कार्ड मी लोणच्याच्या बरण्यांखाली ठेवलं होतं. मुंबई विमानतळावर रांगेसमोर दोन बॅगा उपसल्या, तेव्हापासून चारही कार्डं माझ्या पर्समध्ये असतात.

आपण कोण म्हणून सांगायचं

इथे दोन देश अगदी उलटे आहेत.

नेपाळच्या २०१५ च्या घटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी आहे आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा संपल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. तिथली जुनी मिशन संस्था १९५४ पासून सरकारशी करार करून काम करते. दवाखाना, पाणी, शिक्षण हेच तिचं काम. 'मिशनरी' हा शब्द आमच्या घरात मुलांनीसुद्धा उच्चारायचा नाही असं ठरलं होतं. कुणी विचारलं तर "अस्पतालमा काम गर्छौं", हॉस्पिटलात काम करतो. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी सहा वर्षांच्या मुलीला हे समजावताना माझी जीभ जड व्हायची. घरच्या मंडळीला पाठवायच्या प्रार्थनापत्रात गावाचं नाव आणि रुग्णांचे फोटो टाकायचे नाहीत, हेही आलंच. आपल्या मंडळीला हे पटायला वेळ लागतो. त्यांना 'किती आत्मे जिंकले' असा आकडा हवा असतो. तो देता येत नाही आणि देऊही नये.

केनियात २०१९ च्या जनगणनेनुसार ८५ टक्क्यांच्या आसपास लोक ख्रिस्ती. मटाटूच्या, म्हणजे तिथल्या वडापच्या मिनीबसच्या, मागच्या काचेवर वचन रंगवलेलं. भाजीवाली "ब्वाना असिफिवे" म्हणते, म्हणजे प्रभूची स्तुती असो. तिथे लपवायचं काही नसतं, उलट दाखवायचं फार असतं. पाहुणा दिसला की त्याला उपासनेत उभं करून दोन शब्द बोलायला लावतात. मला पहिल्या महिन्यात चार वेळा उभं केलं. मी गणिताची बाई, भाषणाची नव्हे. बऱ्याचदा प्रश्न पडे, की या लोकांना आमच्याकडून नेमकं काय शिकायचंय? भूलतज्ज्ञाची गरज होती, ती खरी. बाकी श्रद्धेच्या बाबतीत आम्हीच तिथून शिदोरी बांधून आणली.

उपासनेचा वारही पाहून ठेवा. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी, म्हणून मंडळी शनिवारी जमते आणि रविवारी मुलं शाळेत जातात. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा कितीतरी मंडळ्या उपासनेत होत्या. तानसेनच्या सभेत चपला बाहेर, सतरंजीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि मादल या ढोलकीवर भजन. मला आजोळच्या खेड्यातली मंडळी आठवायची. केनियातली उपासना तीन तास चालते, गायकवृंदामागून गायकवृंद. मुलांना ती जास्त आवडली, हे कबूल करते.

सकाळचे दहा

आता मूळ मुद्दा. तानसेनला दहा वाजता सगळं गाव जेवून मोकळं असतं, कारण कचेऱ्या आणि शाळा दहाला सुरू होतात. डाळ-भात सकाळी, डाळ-भात रात्री, मधे खाजा, म्हणजे हलकं खाणं. शेजारीण दारातून विचारायची, "खाना खानुभयो?" हे आपल्या 'जेवलात का'सारखंच, उत्तराची घाई नसलेलं. लिपी देवनागरी, त्यामुळे दुकानाच्या पाट्या पहिल्याच दिवशी वाचल्या. बोलायला वर्ष गेलं. नातं कळेपर्यंत तोंड उघडता येत नाही: दिदी, बहिनी, भाउजू, आणि समोरच्याला तपाईं, म्हणजे आपण. पण नातं ठरलं की तुम्ही घरातले.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मला नाचणी हवी होती. दुकानदार म्हणाला, "कोदो?" मी नको म्हटलं, कोद्रा म्हणजे आपल्याकडे हलकं धान्य, तो कोण खाणार. तीनदा नको म्हणून चौथ्यांदा शेजारणीच्या आग्रहानं कोदोचं पीठ घेतलं. घरी परातीत पाणी टाकलं, बोट फिरवलं आणि वास आला तो आजीच्या भाकरीचा. रंग तोच विटकरी-करडा. नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. ती भाकरी मी शेजारणीला दिली, तिनं मला ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, दिला, आणि पाल्पाची चुकौनी, म्हणजे उकडलेला बटाटा दह्यात कालवलेला. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराला मागचं दार राहिलं नाही.

दोन महिन्यांत गावातल्या शाळेनं विचारलं, गणित शिकवाल का. भारतीय शिक्षक ही नेपाळमध्ये जुनी गोष्ट आहे, कुणाला नवल वाटलं नाही. सकाळी दहाला मी आठवीच्या वर्गात उभी असायची.

किजाबेला दहा वाजता मी चादर पकडत असायची. किजाबे या मासाई नावाचा अर्थच वाऱ्याची जागा. रिफ्ट व्हॅलीच्या काठावर, २,००० मीटरच्या वर, समोर लोंगोनोट ज्वालामुखी. जागा इतकी सुंदर की तक्रार करायची लाज वाटते. घर तयार, भांडी तयार, कुंपण, पहारेकरी, हाकेवर हॉस्पिटल, दुसऱ्या हाकेवर शाळा. पण माझ्या पासपोर्टवर अवलंबिताचा पास होता आणि त्यावर नोकरी करता येत नाही. शेजारणी अनेक देशांच्या, प्रेमळ, आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी निरोपाचा केक कापणारी. भाजीवाली मला थोरल्याच्या नावानं 'मामा अमुक' म्हणायची, आपल्या 'अमक्याची आई'सारखं. ते गोड वाटायचं. बाजारात मात्र मी 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, आणि मुहिंदी म्हणजे दुकानमालक. गुजराती व्यापाऱ्यांच्या किती पिढ्या तिथे गेल्या, त्याचा हिशेब माझ्याकडून वसूल व्हायचा, कधी भावात, कधी नजरेत. (नेपाळमध्येही 'इन्डियन' म्हणून टोमणे ऐकले. २०१५ च्या नाकेबंदीत, भारताकडून येणारा माल सीमेवर अडला तेव्हा, गॅसविना काढलेले दिवस लोक विसरलेले नाहीत. पण तिथे टोमणा मारणारी बाईच संध्याकाळी मुळा देऊन जायची.)

माझी आजी मिशनच्या बंगल्यात आया होती. मडमबाई दुपारी व्हरांड्यात नुसती बसायची, हे ती नवलानं सांगायची: काम ना धाम, तरी डोळे सुजलेले. किजाबेच्या व्हरांड्यात दुसऱ्या वर्षी मला त्या मडमबाईची ओळख पटली.

मुलांची शाळा

आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यानंतर आलेल्या मिशनरी आईबापांचा सगळ्यात मोठा घोर हाच होता. मुलं थोडी मोठी झाली की बोटीत बसवून मायदेशी. मग डोंगरावरच्या शाळा आल्या, मसुरीची वुडस्टॉक १८५४ ची, कोडाइकनालची १९०१ ची. किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी १९०६ ची, त्याच कुळातली. तिच्या इमारतीची कोनशिला १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टनं बसवली. अभ्यासक्रम अमेरिकन वळणाचा, मैदानं आणि प्रयोगशाळा डोळे दिपवणाऱ्या. आईवडील किजाबेलाच असतील तर मुलं घरून जाऊन-येऊन शिकू शकतात. दूर उत्तरेला तुर्कानाकडे काम करणाऱ्यांची मुलं वसतिगृहात असत. रविवारी जेवायला आमच्याकडे यायची, आणि वरणभात खाताना गप्प व्हायची.

तानसेनला गावातली इंग्रजी माध्यमाची शाळा. पाठांतर भरपूर, छडीही पाहिली. सातवी-आठवीपर्यंत चालतं. पुढे दहावीला तिथली परीक्षा, किंवा मुलाला काठमांडूला किंवा नगरला आजीकडे ठेवणं. आमचा थोरला बारा वर्षांचा झाला आणि तानसेन सोडण्याचं खरं कारण तेच होतं, प्रार्थनापत्रात काहीही लिहिलं असलं तरी. त्याचं मराठी तानसेनला टिकलं, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'छ' लागायचा. किजाबेला दोन वर्षांत तो स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पाहू लागला. आजीशी फोनवर "हो", "नाही" आणि "देतो आईला" एवढंच.

पैसा

नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी १ ला १.६० असा बांधलेला, त्यामुळे हिशेब सोपा. भारतातल्या खात्यावरून नेपाळच्या खात्यात ठरावीक सोयीतून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात. केनियात सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे, अगदी कोथिंबिरीची जुडीसुद्धा. ही सोय २००७ पासूनची. ('पेसा' आपलाच पैसा, 'गारी' आपली गाडी, 'दुका' आपलं दुकान.) खर्च केनियात बराच जास्त.

मुख्य अडचण इथली आहे. आपली मंडळी म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट. ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च झालं तर, आधी मंजुरी घेतली नसेल तर, त्या रकमेला प्राप्तिकरातली सूट मिळत नाही. वडील मंडळ, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी, उत्साहानं "दशमांशातून (लोकांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शातून) पाठवू" म्हणत असेल तर निघण्याआधी सीएला गाठा. आमच्या पाठवणाऱ्या संस्थेनं हे विचारलंच नव्हतं. पाच महिने मानधन अडकलं आणि मोलकरणीचे पैसे आम्ही उसने घेऊन दिले.

धोक्याचं थोडक्यात: तानसेनला पाणी उकळा, उन्हाळ्यात साठवा, पावसाळ्यात दरडी बघून निघा. किजाबेला उंचीमुळे मलेरियाची भीती कमी, पण किसुमूला किंवा मोंबासाला जाताना गोळ्या आणि मच्छरदाणी हवीच. अंधार पडल्यावर पायी फिरू नका.

तर कुठे?

मुलगी एकटी असती तर मी डोळे मिटून तानसेन म्हटलं असतं. मुलगा एकटा असता तर किजाबे. दोघं आहेत, म्हणून माझा कल असा: तानसेनला जा, पण दोन वर्षांसाठी, मुलगा तेरा-चौदाचा होईपर्यंत, आणि पुढचं तेव्हा बघा. किजाबे आत्ताच घ्यायचं असेल तर दोघांच्या नावे काम मागा, पत्नीच्या परवान्यासह, लेखी. "तिथे गेल्यावर काहीतरी मिळेलच" हे वाक्य मीही ऐकलं होतं.

परवा तिचा फोन आला. दोन्हीकडे पत्र पाठवलंय, वहीतला प्रश्न जसाच्या तसा घालून. तानसेनहून लगेच उत्तर आलं, शाळेला गणिताची बाई हवी आहे. किजाबेनं विचारलंय की ती पियानो वाजवते का. पाठोपाठ तिचा दुसरा प्रश्न आला: पोळपाट-लाटणं न्यायचं का? न्या. तवा दोन्हीकडे मिळतो.