१४ इंचाचा लॅपटॉप, कॉलेजसाठी एकदम बरोबर

लहान भावाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतला, सीताबर्डीच्या दुकानात १५.६ इंचवालाच गळ्यात मारत होते पण आम्ही १४ इंच, १९२० बाय १२०० पिक्सेलच्या स्क्रीनवरच अडून बसलो न बरं झालं बावा. साध्या फुल एचडीपेक्षा (१९२० बाय १०८०) उभ्यात १२० पिक्सेल जास्त आहेत, म्हणजे पीडीएफ वाचताना, कोड लिहिताना चार-पाच ओळी जास्तीच्या दिसतात, सारखं स्क्रोल करायची कटकट नाही. स्केलिंग (अक्षरं-आयकॉन मोठे दाखवायची सेटिंग) १२५ टक्के ठेवलं, अक्षरं मस्त ठसठशीत. मेट्रोत पाठीवर घेऊन जायला पण हलका. फक्त ब्राइटनेस ३०० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आहे, मे महिन्यात दुपारी खिडकीजवळ बसलं की कमीच पडतो. १३६६ बाय ७६८ वाला कितीही स्वस्तात देऊ द्या, घेऊच नका, दोन विंडो शेजारी उघडल्या की काहीच मावत नाही त्याच्यात.