नाण्यावर चालणारं जुनं पिनबॉल: बदललेले सुटे भाग, महिनोनमहिने वापरल्यावर

मशीन विल्यम्स कंपनीच्या डब्ल्यूपीसी या संगणकीय यंत्रणेच्या पिढीतलं आहे, १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातलं, फ्लिप्ट्रॉनिक्स म्हणजे चेंडू मारणारे फ्लिपर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेलं. पूर्ण खोलून दुरुस्त केलं आणि तेव्हापासून सार्वजनिक जागेत रोज नाण्यांवर चालतंय. घरच्या मशीनमध्ये कुठलाही नवा भाग झकासच वाटतो. दिवसभर अनोळखी माणसं बटणं बडवतात, तेव्हा त्याचं पाणी कळतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. सर्वांत जास्त खर्च एलईडींवर झाला, पण उपयोगाच्या क्रमात ते मधेच कुठेतरी बसतात. खरा फरक पडला तो फ्लिपरच्या दुरुस्ती-किटनं आणि मूठभर कनेक्टरांनी. या दोन्ही गोष्टी खेळणाऱ्याला कधीच दिसत नाहीत.

फ्लिपर ढिला पडला की बहुतेक जण कॉइल, म्हणजे त्याला ओढणारं विद्युतचुंबक, बदलायला धावतात. कॉइल क्वचितच जाते. तिच्यात दोन वेटोळी असतात: फटका मारणारं जाड तारेचं, साधारण ४ ओहमचं, आणि बॅट (फ्लिपरचा हलणारा दांडा) वर धरून ठेवणारं बारीक तारेचं, १०० ओहमच्या वरचं. मशीन बंद करून दोन्ही मल्टिमीटरवर मोजा. आकडे जागेवर असतील तर कॉइलच्या वाटेला जाऊ नका. झिजतात ते हलणारे भाग. प्लंजरचं, म्हणजे कॉइलमध्ये आत-बाहेर होणाऱ्या लोखंडी दांड्याचं, टोक प्रत्येक फटक्याला कॉइल-स्टॉपवर आदळतं. कालांतरानं ते पसरतं, त्याची कड बाहेर येते आणि कॉइलमधल्या नायलॉनच्या स्लीव्हला (नळीला) आतून खरवडत राहते. स्टॉपच्या माथ्यावर खळगा पडला की प्लंजर जास्त आत जायला लागतो. प्लंजरला बॅटशी जोडणाऱ्या लिंकचं भोक गोलाचं लांबट झालं की बटण दाबल्यावर आधी ती फट भरते आणि मग बॅट हलते. खेळणाऱ्याला हे "फ्लिपर उशिरा उठतो" असं जाणवतं.

किटमध्ये प्लंजर-लिंक, स्लीव्ह, स्टॉप, बुशिंग (बॅटचा दांडा फिरतो ती नळी), स्प्रिंग आणि एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच मिळतो. दोन्ही बाजूंची किट एकदमच बसवा, नाहीतर डावा-उजवा हात वेगळा वाटतो. जुनी स्लीव्ह बोटानं ढकलून बाहेर आली पाहिजे. अडकून बसली असेल तर कॉइल कधीतरी तापून तिचा साचा वाकला आहे, आणि मग मात्र कॉइल बदलायलाच हवी. बॅट बसवताना ती आणि बुशिंग यांच्यात एक बत्तिसांश इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर फट ठेवा. फट नसेल तर बॅट घासते, जास्त असेल तर डुलते आणि बुशिंग एका बाजूनं खाते. बऱ्याच प्लेफील्डवर (चेंडू फिरतो त्या फळीवर) बॅटच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. त्यात टूथपिक खोचून बॅट तिला टेकवा आणि मगच खालचा आवळणारा बोल्ट घट्ट करा.

एंड-ऑफ-स्ट्रोक स्विचबाबत बराच गोंधळ दिसतो. फ्लिप्ट्रॉनिक्सच्या आधीच्या मशीनमध्ये हा स्विच एरवी मिटलेला असतो, कॉइलचा मोठा प्रवाह त्यातूनच जातो आणि संपर्क टंगस्टनचे असतात. ते कानशीनं घासून साफ करता येतात. फ्लिप्ट्रॉनिक्समध्ये उलट आहे: स्विच एरवी उघडा, बॅट पूर्ण वर गेली की मिटतो, आणि फक्त संगणकाला खबर देतो. संपर्कांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तिथे कानस लावली की मुलामा गेला, स्विच गेला. जाड कागदाचं व्हिजिटिंग कार्ड संपर्कांमध्ये धरून ओढून काढणं पुरेसं होतं. हा स्विच मेला तरी फ्लिप्ट्रॉनिक्सवरचा फ्लिपर चालतो, म्हणून दोष महिनोनमहिने लपून राहतो. बटण दाबून धरल्यावर बॅट फडफडत असेल तर मात्र धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याची तार तुटली आहे किंवा त्याचा ट्रान्झिस्टर गेला आहे.

एवढ्या वापरानंतर प्लंजरची टोकं अजून सरळ कडेची आहेत. स्लीव्हमध्ये काळी पूड जमते, ती कापसाच्या काडीनं पुसायची. तेल अजिबात नको. तेलात पूड कालवली गेली की घासणारा लेप तयार होतो. कॉइल-स्टॉपचे स्क्रू मात्र हादऱ्यांनी सैल होतात, दर महिन्याला पान्हा लावून बघावे लागतात. निळं थ्रेडलॉकर चालतं, पण पारदर्शक प्लास्टिकपासून लांब ठेवा, त्यानं प्लास्टिकला तडे जातात.

आता कनेक्टर. प्लेफील्डवर सतत पेटणारे दिवे, म्हणजे जनरल इल्युमिनेशन, डब्ल्यूपीसीत ६.३ व्होल्ट एसीच्या पाच माळांमध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक माळेला ५ अँपिअरचा फ्यूज असतो. ५५५ किंवा ४४ क्रमांकाचा बल्ब पाव अँपिअर खातो. एका माळेवर वीस बल्ब धरले तर झाले ५ अँपिअर, आणि हा सगळा प्रवाह पॉवर ड्रायव्हर बोर्डवरच्या मोजक्या पिनांतून जातो. पिन तापली की हाउसिंगमधल्या (कनेक्टरच्या प्लास्टिकच्या खोक्यातल्या) पत्र्याची स्प्रिंग ढिली पडते, संपर्क कमजोर होतो, रोध वाढतो आणि पिन आणखी तापते. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी कोळसा होतो. जे-११५, जे-१२० आणि जे-१२१ हे कनेक्टर नेहमीचे यशस्वी कलाकार.

इथे अर्धवट काम करू नका. फक्त हाउसिंग बदललं आणि बोर्डवरच्या जुन्या पिना तशाच ठेवल्या, तर त्यांचा काळवंडलेला पृष्ठभाग नव्या टर्मिनललाही महिन्याभरात खातो. बोर्डवरचा पिनांचा हेडर आणि वायरच्या बाजूचं हाउसिंग दोन्ही नवं हवं. पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटरचं. टर्मिनल ट्रायफरकॉन पद्धतीचं घ्या, ते पिनेला तीन बाजूंनी पकडतं. कारखान्यातली जोडणी बऱ्याचदा वायर नुसती खाचेत दाबून केलेली असते. ती टाकून द्या आणि क्रिम्प करा, म्हणजे टर्मिनल पकडीनं वायरवर दाबून बसवा. वायर काळी पडली असेल तर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा. क्रिम्पवर वरून सोल्डर ओतू नका. वायर कडक होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथेच तुटते. मशीन तासभर चालवून बंद करा आणि हाउसिंगला हाताची मागची बाजू लावा. कोमट ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर क्रिम्प पुन्हा करा. आमच्याकडच्या नव्या हाउसिंगांचा पांढरा रंग अजून जागेवर आहे, आणि या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

एलईडीचा खरा फायदाही याच हिशेबात आहे. एक एलईडी साधारण २० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे वीस मिळून ०.४ अँपिअर. कनेक्टर गार, प्लास्टिकचे रॅम्प आणि छापील पत्रे उष्णतेनं वाकत नाहीत, आणि प्लेफील्ड उचलून बल्ब बदलणं जवळजवळ बंद. पण जळका कनेक्टर तसाच ठेवून एलईडी लावणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी कनेक्टर, मग दिवे.

तक्रारी दोन. पहिली, भुताटकी: मॅट्रिक्समधले जे दिवे बंद असायला हवेत, ते अंधुक मिणमिणतात. दिव्यांचं मॅट्रिक्स आठ बाय आठचं, उभ्या रांगा आळीपाळीनं पेटवल्या जातात. मधल्या क्षणाचा किरकोळ गळता प्रवाह बल्बची तार तापवायला पुरत नाही, एलईडी उजळायला पुरतो. आत रोधक बसवलेले, नॉन-घोस्टिंग म्हणून विकले जाणारे एलईडी घ्या. साधे घेऊन पैसे वाचवले तर दुसऱ्यांदा खर्च ठरलेला. दुसरी तक्रार मंद होण्याची. डब्ल्यूपीसी हे सतत पेटणारे दिवे ट्रायाक या इलेक्ट्रॉनिक स्विचनं मंद करतं आणि तिथे स्वस्त एलईडी थरथरतात. सेटिंगमधून ते मंद करणं बंद केलं की त्रास संपतो, पण काही प्रसंगी दिवे हळूहळू उतरण्याची मजाही जाते.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे: सतत पेटणाऱ्या दिव्यांसाठी वॉर्म व्हाइट, प्लेफील्डमधल्या रंगीत पारदर्शक तुकड्यांखाली, म्हणजे इन्सर्टखाली, इन्सर्टच्याच रंगाचा एलईडी. निळसर पांढरा लावला की लाल-पिवळी चित्रकला फिकी पडते आणि मशीन दवाखान्यासारखं दिसतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत येणारे दिवे दुधी टोपीचे हवेत. एलईडी पेटला नाही तर फेकण्याआधी उलटा करून बसवा, काहींना दिशा असते.

दोन्ही फ्लिपर एकदम मारले की मशीन रीस्टार्ट होतं, हा डब्ल्यूपीसीचा जुना रोग. कारण साधं आहे: ताण आला की ५ व्होल्टचा पुरवठा खाली जातो आणि प्रोसेसरवर नजर ठेवणारी चिप त्याला रीसेट करते. सीपीयू बोर्डवर मोजा. ४.९ ते ५.१ च्या आत हवं, ४.७५ च्या आसपास असेल तर धोका आहे. लगेच सोल्डरिंग गन उचलू नका. आधी ट्रान्सफॉर्मरकडून येणारा जे-१०१ कनेक्टर काढून पुन्हा बसवा, त्याच्या पिना बघा. त्यानं भागलं नाही तर बीआर-२ ब्रिज (एसीचं डीसी करणारा, ३५ अँपिअरचा) आणि सी-५ कपॅसिटर (१५,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट) जोडीनंच बदला. इथे हे सगळं एकदम केलं होतं, तेव्हापासून एकही रीसेट नाही.

सीपीयू बोर्डवरच्या तीन एए बॅटऱ्या ही या मशीनांची सर्वांत मोठी शत्रू. त्या गळल्या की क्षार खालच्या पट्ट्या आणि जवळच्या चिप्स खातात. हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवणं. यू-८ जागेची ६२६४ रॅम काढून एनव्हीरॅम (वीज नसतानाही माहिती जपणारी चिप) बसवली की बॅटऱ्यांची गरजच उरत नाही. जुन्या चिपचे २८ पाय एकेक कापून मग एकेक काढा, अख्खी चिप उपटायला गेलात तर भोकांचा तांब्याचा मुलामा सोबत येतो. सॉकेट लावून त्यात नवी बसवा. एकच तोटा: मशीन बंद असताना घड्याळ चालत नाही, म्हणून वेळेवर अवलंबून असलेली कार्यक्रमातली वैशिष्ट्यं बिनसतात. उच्चांक आणि सेटिंग मात्र शाबूत राहतात.

रबराच्या रिंगांचा अनुभव संमिश्र. सिलिकॉनच्या रिंगा पूड सोडत नाहीत, त्यामुळे प्लेफील्ड खूप जास्त काळ स्वच्छ राहतं. काळ्या रबराशी तुलनाच नाही. उसळीही जिवंत असते. पण एकदा बारीक चीर पडली की सिलिकॉन थेट फाटतं, रबरासारखं आधी तडकून सूचना देत नाही. स्लिंगशॉटच्या (फ्लिपरच्या वरच्या, चेंडू उडवणाऱ्या त्रिकोणांच्या) टोकाच्या खांबांवर हे आधी होतं. फ्लिपरवर सिलिकॉन आमच्या हाताला पटलं नाही, चेंडू अडवून थांबवताना तो जास्त उडतो. तिथे परत साधं रबर लावलं. माप न ताणलेल्या आतल्या व्यासावर, इंचात असतं. घट्ट बसतील म्हणून एक माप लहान घेऊ नका, खांब वाकतात आणि स्लिंगशॉटचे पत्र्याचे स्विच आपोआप मिटतात. त्या स्विचची फट एक-दीड मिलिमीटर ठेवा.

चेंडू २७ मिलिमीटरचा, सुमारे ८० ग्रॅमचा. खरखरीत झालेला एक चेंडू सगळ्या वार्निशवर पॉलिश पेपरसारखा फिरतो, म्हणून तो जपून वापरायची चैन नको. चेंडू एकमेकांना चिकटून ट्रफमध्ये (चेंडू साठतात त्या पन्हाळीत) जोडीनं हलत असतील तर चुंबकत्व आलंय, बदला. सफाईला नॅफ्था आणि त्यावर कार्नोबाचं पेस्ट वॅक्स. ओलं फडकं नको, झिजल्या जागी लाकूड फुगतं.

ऑप्टो स्विच (प्रकाशकिरण अडला की चालणारे) चेंडू मोजायला चुकतात तेव्हा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाठवणाऱ्या बाजूकडे बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड जांभळट दिसतं. तो ठिपका दिसत असेल तर धूळ पुसा आणि घेणाऱ्या बाजूचे सोल्डर-जोड बघा, हादऱ्यानं तिथे केसासारखी भेग पडते.

नाणं पारखणारी यंत्रणा, म्हणजे मेक, काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावा आणि पूर्ण कोरडा करून बसवावा. चुंबकावर लोखंडी कीस जमला की नाणं गरजेपेक्षा मंद पडतं आणि परत येतं. चिकटपट्टी दाबून कीस उचला. मायक्रोस्विचची तार नाण्याच्या वाटेत अशी वाकलेली हवी की नाणं गेल्याबरोबर ती झटकन वर येईल. मशीनच्या मेनूत कमाईचे ऑडिट असतात, त्यातली प्रत्येक फटीची नाण्यांची मोजणी पेटीतल्या प्रत्यक्ष नाण्यांशी पडताळा. पेटीत जास्त आणि मोजणीत कमी असेल तर तार फार वर आहे, नाणं तिला न दाबता जातंय. मोजणी जास्त असेल तर तार उशिरा सुटतेय आणि एका नाण्यावर दोन क्रेडिट मिळताहेत. खेळणारे याची तक्रार कधीच करणार नाहीत, म्हणून ही पडताळणी पेटी रिकामी करताना दर वेळी करायची.