अबोलीची रोपं घ्यायचीत? कुडाळजवळच्या एका नर्सरीचा अनुभव

पुण्यात अबोलीचं धड रोप मिळत नाही ही माझी जुनी तक्रार. मिळतं ते फुलांनी भरलेलं मिळतं, घरी आणलं की महिना दोन महिन्यांत पानं पिवळी आणि मग एक दिवस अख्खं झाडच मान टाकतं. यावेळी गावाला गेलो तेव्हा कुडाळ सावंतवाडी रस्त्याला लागून एक छोटी घरगुती नर्सरी आहे तिथून रोपं घेतली आणि खरंच खूप समाधान झालं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नर्सरीबद्दल. मोठा बोर्ड वगैरे काही नाही, माडांच्या सावलीत मांडलेल्या पिशव्या, एक काका आणि त्यांची सून बघतात. मी फुलं बघून एक रोप उचललं तर काका म्हणाले, "मुळां बघितल्याशिवाय अबोली घेव नकात." आणि लगेच पिशवी उलटी करून मातीचा गड्डा हातात घेऊन दाखवला. पांढरी बारीक मुळं, कुठे गाठ नाही. अबोलीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी), वरून झाड छान दिसतं आणि खाली मुळांवर मण्यांसारख्या गाठी झालेल्या असतात, मग पाणी चढत नाही, त्यात बुरशी शिरते आणि झाड मरतं. आजवर एकाही नर्सरीवाल्याने मला हे स्वतःहून दाखवलं नव्हतं, विचारलं तर उलट कपाळाला आठ्या. माझ्यासाठी पाचही स्टार इथेच!

दोन प्रकार होते. देशी अबोली ६० रुपये, दिल्ली अबोली १०० रुपये. दिल्लीची फुलं मोठी आणि रंग गडद केशरी, पण ती ट्रिप्लॉइड (म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली) असल्यामुळे तिला बी धरत नाही, फांदीच लावावी लागते आणि हे लोक पावसाळ्यात स्वतः छाट कलमं करतात. देशीचं फूल जरा लहान, रंग फिका, पण बी भरपूर. तिची वाळलेली बोंडं पाण्यात टाकून बघा, थोड्या वेळात चटचट आवाज करून फुटतात आणि बी लांब उडतं, आमच्या पोरांनी अख्खी दुपार त्यातच घालवली. वळेसरासाठी, म्हणजे गजऱ्यासाठी, मला दोन्ही आवडतात, फुलाला वास नाही पण दोनतीन दिवस कोमेजत नाही, मध्ये मोगरा किंवा मरवा गुंफला की झालं काम. पिवळी पण असते म्हणतात पण यांच्याकडे नव्हती.

आता पुण्यात ती कशी जगवायची ते, कारण खरी मेख इथेच आहे. कोकणात अबोली कुंपणाकडेला कोणी न बघता वाढते त्याचं कारण तिथली लाल जांभ्याची माती, आम्लधर्मी आणि पाणी न धरणारी. आपल्याकडची काळी माती चिकट, चुन्याची, त्यात झाडाला लोह मिळत नाही, म्हणून पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. लोक पाणी कमी पडलं समजून अजून पाणी घालतात आणि मुळं कुजतात. मी १० इंची कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत जवळजवळ सारखं घेतलं, वर दोन मुठी निंबोळी पेंड, ती सूत्रकृमींसाठी. पान पिवळं वाटलं तर चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारायचं, नवीन पान हिरवं येतं. शेजारच्या कुंडीत झेंडू लावा, सूत्रकृमी कमी व्हायला त्याचाही उपयोग होतो.

ऊन सकाळचं तीनचार तास पुरे, दुपारचं रखरखीत नको. पूर्वेची गॅलरी असेल तर डोळे झाकून लावा. फुलं तुऱ्यावर खालून वर उमलत जातात, शेवटचं फूल गळलं की तो तुरा बुडातून कापायचा, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि फुलं कमी होतात. थंडीत मात्र सांभाळा, रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते, पानं गळतात, तेव्हा खत बंद आणि पाणी कमी, कुंडी भिंतीला सरकवून ठेवा. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी तेल.

नर्सरीच्या दोन गोष्टी खटकल्या. एकतर रोपांना लेबल नाही, देशी आणि दिल्ली शेजारी शेजारी, फुलं नसताना ओळखणं कठीण, त्यामुळे विचारूनच उचला. दुसरं म्हणजे प्रवासाचं पॅकिंग करून देत नाहीत, कुरिअरही करत नाहीत. गाडीने जाणार असाल तर जुनी वर्तमानपत्रं आणि एक खोका सोबत न्या, रोप उभंच ठेवा, घरी आल्यावर चारपाच दिवस सावलीत राहू द्या आणि मगच कुंडी बदला. पैसे रोखच न्या, तिथे मोबाईलला रेंज नसते.