पारायणासाठी घेतलेली मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी

आमच्या गावच्या सप्ताहात ग्रंथांची पेटी माझ्या ताब्यात असते. सात दिवसांत सुमारे नऊ हजार ओव्या, पन्नासेक वाचक एका सुरात म्हणतात. ज्याने त्याने घरची प्रत आणली की कुठे ओवीचा आकडा एकाने पुढे असतो, कुठे शब्दच वेगळा. व्यासपीठावरून एक चरण येतो, खालून दुसराच. म्हणून यंदा वर्गणीतून एकाच छापाच्या २५ प्रती आळंदीहून आणल्या, ३५० रुपयांना एक. परवा काला झाला. सातही दिवस प्रत हाताळून झाल्यावर हे लिहितेय.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की एकही ओवी पानावर तुटत नाही. आधीच्या प्रतींत दोन चरण खाली आणि उरलेले दोन मागच्या पानावर असायचे. पान उलटेपर्यंत बायांची अख्खी रांग मागे पडायची आणि मग मधलं सोडून पुढचं धरायची. यंदा अठराव्या अध्यायाच्या अठराशेवर ओव्यांतही सूर फुटला नाही. शिलाई पक्की आहे, पाटावर ठेवली की उघडी राहते. अक्षर एवढं ठसठशीत, की मोतीबिंदू काढलेल्या आमच्या आत्याबाई पहिल्या रांगेत बसून वाचत होत्या. कागद मात्र पातळ, सकाळच्या उन्हात मागची अक्षरं पुढे दिसतात.

अनुस्वारही सांभाळलेत. ‘आतां विश्वात्मकें देवें’ यातल्या ‘कें’ आणि ‘वें’वरची टिंबं म्हणजे ‘देवाने’ हा अर्थ. स्वस्त प्रतींत ती खुशाल गाळतात.

पण पाठ, म्हणजे ओव्यांचे छापलेले शब्द, कोणत्या परंपरेचा, वारकरी संप्रदायातल्या साखरे महाराजांच्या प्रतीचा की आणखी कुठला, याची एक ओळही आत नाही. हे मला खरंच लागलं. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो, असं बजावून ठेवलं. तो ग्रंथ छापणाऱ्याने आपला पाठ कुठून घेतला हे सांगायलाच हवं.

दोन प्रतींत तेराव्या अध्यायाचा एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा) दोनदा बांधलेला आणि पुढची १६ पानं गायब. हे कळलं ते ऐन वाचनात. शेजारणीच्या ग्रंथात डोकावून दोघींनी अध्याय पुरा केला. दुकानदाराने कुरकुर न करता प्रती बदलून दिल्या, पण आळंदीची खेप आणि भाडं आमचंच. घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दुकानातच पानांचे आकडे शेवटपर्यंत चाळून घ्या.

पुढच्या वर्षी आणखी २५ प्रती याच छापाच्या घ्यायच्या ठरल्यात. पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला ते पहिल्या पानावर छापा, असं पत्र मी प्रकाशकांना टाकलंय.